जुन्या लिनक्सवर हट्टी ग्राफिक्स कार्ड कसं चालू करायचं

जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, इन्स्टॉल नीट झालं, रीबूट केलं आणि स्क्रीन काळी. किंवा डेस्कटॉप येतो पण ८०० बाय ६०० मध्ये, विंडो ओढली की मागे तिच्या रेघा राहतात, साधा व्हिडिओ लावला तरी सीपीयू शंभर टक्के. अशा वेळी बहुतेक जण काय करतात, तर कंपनीच्या साइटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवतात आणि ठोकून देतात, आणि मग जे थोडंफार चालत होतं तेही बंद पडतं. जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर नकोच असतो हो, त्याला त्याच्या पिढीचा लागतो, आणि तो ड्रायव्हर ज्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) आणि ज्या एक्स सर्व्हरवर (स्क्रीनवर डेस्कटॉपचं चित्र काढणारा प्रोग्राम) चालतो तेच कर्नल आणि तोच एक्स सर्व्हर लागतो. कार्ड, ड्रायव्हर, कर्नल, एक्स, या चौघांचं सूत जुळलं की काम झालं, आणि पुढे जे काही लिहिलंय ते सगळं हे सूत कुठे तुटलंय ते शोधण्यासाठीच आहे.

एक आधीच सांगतो, कमांड आणि फाइलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची, जिथे कॅपिटल लागतं तिथे वेगळं सांगितलंय.

आधी काहीतरी दिसू दे

स्क्रीन काळी असली म्हणजे मशीन मेलं असं नाही. कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरचा दिवा चालू बंद होतोय का. होत असेल तर कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र काढणारा गायब आहे. मग कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, कधीकधी नुसता काळा टेक्स्ट लॉगिन येतो आणि तेवढं पुरतं. तेही नाही आलं आणि आधी एसएसएच चालू केलेलं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरा, हा सगळ्यात आरामाचा मार्ग, कारण स्क्रीन काहीही नाटकं करो तुम्हाला लॉग वाचता येतात.

नाहीतर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा मेनू. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असेल तर एस्केप, मेनू आला की ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, आणि त्याच ओळीत क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतील तर ते खोडा म्हणजे बूट होताना मेसेज दिसतील. कंट्रोल एक्स किंवा एफ१० दाबलं की बूट होतं. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, काही बिघडलं तरी पुढच्या वेळी जैसे थे, त्यामुळे बिनधास्त करा.

नोमोडसेट नेमकं काय करतं ते समजून घ्या कारण इथे खूप गोंधळ होतो. पूर्वी स्क्रीनचं रिझोल्युशन वगैरे एक्स सर्व्हर स्वतः ठरवायचा, २००९ च्या सुमारास, म्हणजे इंटेलसाठी कर्नल २.६.२९ आणि रेडिऑनसाठी २.६.३१ पासून, हे काम कर्नलकडे आलं. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की बाबा तू यात पडू नको. मग नूव्हो (एनव्हिडियासाठी), रेडिऑन (एएमडीसाठी), आय९१५ (इंटेलसाठी) हे तिन्ही ओपन ड्रायव्हर लोडच होत नाहीत आणि एक्स कसाबसा व्हेसा नावाच्या साध्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालतो. डेस्कटॉप दिसतो, पण ग्राफिक्स कार्डाचं सगळं काम सीपीयू करतो. त्यामुळे नोमोडसेट हा इलाज नाही, घरात शिरायची मागची खिडकी आहे. लोक ते ग्रबच्या फाइलमध्ये कायमचं टाकून ठेवतात आणि मग सहा महिने सांगत फिरतात की लिनक्स स्लो आहे. ड्रायव्हर दुरुस्त झाला की पहिलं काम ते काढायचं, नाहीतर तुम्ही योग्य ड्रायव्हर टाकलेला असला तरी तो लोड होणार नाही आणि तुम्हाला वाटेल तोच खराब आहे.

हार्डवेअरकडे एक नजर

हे पाच मिनिटांचं काम आहे पण टाळू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलीय की कार्डाच्या, हसू नका, हे खूप होतं. कार्डाला वेगळा ६ पिनचा पॉवर कनेक्टर असेल तर तो लागलाय का. बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले असा काहीतरी ऑप्शन असतो तो पीसीआय एक्सप्रेसवर आहे की ऑनबोर्डवर. पंखा फिरतोय का, धूळ किती आहे, कपॅसिटरची डोकी फुगलीत का. कार्ड एकदा काढून परत बसवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायोसच्या लोगोवरच जर रंगीत ठिपके किंवा उभ्या पट्ट्या दिसत असतील तर तिथे अजून लिनक्स सुरूच झालेलं नाही, म्हणजे कार्डच गेलंय, ड्रायव्हर बदलून उपयोग नाही.

कार्ड नेमकं कोणतं

खोक्यावरचं नाव विसरा. कंपन्या जुनी चिप नव्या नावाने विकतात, जीफोर्स ९८०० जीटीएक्स प्लसची चिप जीटीएस २५० म्हणून विकली गेली, आणि जीटी ७३० तर त्याहून भारी, एकाच नावाखाली काही कार्डांत फर्मी पिढीची चिप आहे आणि काहींत केप्लर, आणि दोघांना ड्रायव्हर वेगवेगळा लागतो. एएमडीचंही तेच, एचडी ७००० मालिकेत खालची बरीच कार्डं जुन्या टेरास्केल रचनेची आहेत आणि ७७५० पासून वरची जीसीएनची.

म्हणून टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय टाका, पुढे स्पेस, हायफन, एनएनके. खूप ओळी येतील, त्यात व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर लिहिलेली ओळ शोधा. तिथे चौकोनी कंसात दोन आकडे असतात, मध्ये कोलन. पहिला कंपनीचा: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय किंवा एएमडी, ८०८६ इंटेल, १०३९ सिस, ११०६ व्हाया. दुसरा त्या चिपचा. कंपनीच्या नावानंतर चिपचं सांकेतिक नावही असतं, जीएफ१०८, जीके२०८, आरव्ही७१० असं काहीतरी, हे नाव कागदावर लिहून ठेवा कारण पुढचं सगळं यावर ठरणार.

त्याच्या खाली दोन तीन ओळींवर कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ असते. ती नसेलच तर कार्डाला कोणी वालीच नाही, आणि असेल तर कोण आहे ते कळतं. मग मेसा (ओपन ड्रायव्हरचा थ्रीडी चित्र काढणारा भाग) याचं मेसा युटिल्स पॅकेज टाकून जीएलएक्सइन्फो चालवा आणि त्यात रेंडररची ओळ बघा. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं, किंवा फार जुन्या सिस्टमवर सॉफ्टवेअर रास्टरायझर, तर समजा की सगळं चित्र सीपीयू काढतोय. कार्डाचं नाव दिसलं तर अर्धी लढाई जिंकली.

लॉग दोनच वाचायचे. एक डीमेसेज (टाकताना डी एम ई एस जी), त्यात डीआरएम, फर्मवेअर, नूव्हो, रेडिऑन असे शब्द ग्रेप कमांडने शोधून. दुसरा एक्सऑर्ग डॉट शून्य डॉट लॉग (पहिला एक्स कॅपिटल), तो व्हार मधल्या लॉग फोल्डरमध्ये असतो, तिथे शिळा दिसला तर होम फोल्डरमध्ये डॉट लोकल, शेअर, एक्सऑर्ग या वाटेने जा. त्यात कंसात दोन कॅपिटल ई असलेल्या ओळी म्हणजे एरर, आणि डब्ल्यू डब्ल्यू म्हणजे नुसती कुरकूर, तिकडे लक्ष देऊ नका.

एटीआय आणि एएमडी

इथे दहातल्या बहुतेक वेळा भानगड फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची असते. रेडिऑन ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, पण एचडी २००० पासून पुढच्या कार्डांना वरून फर्मवेअरच्या छोट्या फाइल लागतात आणि त्या फ्री सॉफ्टवेअर नसल्यामुळे जुन्या डेबियनमध्ये आपोआप येत नाहीत. डीमेसेजमध्ये फेल्ड टू लोड फर्मवेअर दिसलं की हेच. सोर्सेस डॉट लिस्टमध्ये मेनच्या पुढे कंट्रिब आणि नॉन-फ्री लिहा, एपीटी (पॅकेज टाकणारी कमांड) अपडेट करा, फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स टाका. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा वेगळा विभाग आहे, नॉन-फ्री-फर्मवेअर, आणि इन्स्टॉलर तो स्वतःच घेतो. उबुंटूवर हे सगळं लिनक्स-फर्मवेअर या एका पॅकेजात असतं. पॅकेज टाकल्यावर अपडेट-इनिटरॅमएफएस हायफन यू चालवायला विसरू नका, कारण ड्रायव्हर बूटच्या फार सुरुवातीला लोड होतो आणि तेव्हा डिस्कवरची फाइल त्याला दिसतही नसते, त्याला इनिटरॅमएफएसमध्येच, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या सिस्टममध्येच, ती हवी.

एफजीएलआरएक्स, म्हणजे जुना कॅटलिस्ट ड्रायव्हर, त्याचा नाद सोडा. एचडी २००० ते ४००० ला एएमडीने २०१२ मध्येच त्यातून बाहेर काढलं, आणि उबुंटू १६.०४ पासून तर पॅकेजच नाही. पण कोणी पूर्वी टाकलेला असेल तर त्याचा मागे राहिलेला कचरा फार छळतो, ओपन ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी चालत नाही. तर एफजीएलआरएक्स नावाची सगळी पॅकेजं पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढा, ईटीसी मधल्या एक्स११ (एक्स कॅपिटल) फोल्डरमधली एक्सऑर्ग डॉट कॉन्फ फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, ईटीसी मधल्याच मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये रेडिऑनला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे लोड होऊ न देणारी ओळ आहे का बघून खोडा, आणि मेसाची लिबजीएलची (थ्रीडी चित्राची लायब्ररी) पॅकेजं रीइन्स्टॉल करा कारण एफजीएलआरएक्स स्वतःची लिबजीएल घुसवायचा. एवढं केलं की बऱ्याच वेळा कार्ड काहीच झालं नसल्यासारखं चालायला लागतं.

कार्ड चालतंय पण मध्येच हँग होतंय, तर ग्रबच्या त्याच ओळीत रेडिऑन डॉट डीपीएम इक्वल टू शून्य टाकून बघा. डीपीएम म्हणजे कार्डाचा वेग कामाप्रमाणे कमी जास्त करणं, ते ३.११ कर्नलमध्ये आलं आणि ३.१३ पासून बऱ्याच कार्डांवर आपोआप चालू झालं, काही कार्डांना ते मानवत नाही. उलट ३.११ किंवा ३.१२ वर असाल आणि कार्ड तापतंय, तर शून्याच्या जागी एक टाका. आणि एजीपी स्लॉटवालं एकदम जुनं कार्ड असेल तर रेडिऑन डॉट एजीपीमोड इक्वल टू उणे एक, याने ते एजीपी सोडून पीसीआयच्या पद्धतीने चालतं, वेग थोडा जातो पण हँग होणं बहुतेक थांबतं.

पहिल्या दोन जीसीएन पिढ्यांची कार्डं मधल्या मध्ये लटकलेली आहेत, त्यांना रेडिऑन आणि एएमडीजीपीयू दोन्ही ड्रायव्हर चालतात आणि जुन्या कर्नलवर डीफॉल्ट रेडिऑन असतो. व्हल्कन (नव्या गेमना लागणारी ग्राफिक्सची पद्धत) हवं असेल तर एएमडीजीपीयूवर जावं लागतं, त्यासाठी रेडिऑन डॉट एसआय अंडरस्कोर सपोर्ट शून्य आणि एएमडीजीपीयू डॉट एसआय अंडरस्कोर सपोर्ट एक, दुसऱ्या पिढीला एसआयच्या जागी सीआयके. नको असेल तर हात लावू नका, रेडिऑन चांगला आहे.

एनव्हिडिया, म्हणजे खरी डोकेदुखी

आधी नूव्होला संधी द्या. हा ड्रायव्हर लोकांनी कंपनीच्या कागदपत्रांशिवाय कार्डाचं वागणं बघून बघून लिहिलाय, कर्नलमध्ये तो २.६.३३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे, आणि टायपिंग, ब्राउझिंग, पिक्चर बघणं एवढंच करायचं असेल तर जुन्या कार्डांवर तो पुरतो. त्याची मुख्य अडचण वेगाची, कार्ड बूट होताना ज्या क्लॉकवर असतं तिथेच ते राहतं. जीफोर्स ८ ते ३०० मधली काही कार्डं आणि केप्लरची कार्डं यांचा क्लॉक हाताने वाढवता येतो, सिस मधल्या कर्नल, डीबग, डीआरआय, शून्य या फोल्डरमध्ये पीस्टेट नावाची फाइल असते, रूट होऊन ती वाचली की लेव्हल दिसतात आणि त्यातला कोड परत त्याच फाइलमध्ये एकोने लिहिला की कार्ड त्या लेव्हलला जातं. फर्मीवर हे होत नाही. नूव्होने डेस्कटॉप फ्रीझ होत असेल तर नूव्हो डॉट कॉन्फिग इक्वल टू एनव्हीएमएसआय इक्वल टू शून्य हे बूट ओळीत टाकून बघा, त्यात पहिला एन आणि एमएसआयची तिन्ही अक्षरं कॅपिटल, व्ही लहान.

नूव्होने भागलं तर इथेच थांबा, खरंच सांगतो. कंपनीचा ड्रायव्हर जुन्या कार्डावर टाकणं म्हणजे पुढच्या प्रत्येक कर्नल अपडेटला धाकधूक.

तरी टाकायचाच असेल तर कोणत्या कार्डाला ड्रायव्हरची कोणती शाखा (आकड्याने ओळखली जाणारी आवृत्ती) ते बघा. जीफोर्स ६ आणि ७ ला ३०४. जीफोर्स ८, ९, १००, २००, ३०० ला ३४०. ४०० आणि ५०० म्हणजे फर्मीला ३९०. ६०० आणि ७०० मधल्या केप्लरला ४७०, पण त्या दोन मालिकांत फर्मीही मिसळलेत आणि ७५० टीआय तर पुढच्या मॅक्सवेल पिढीचं आहे, म्हणून चिपचं नाव लिहून ठेवा म्हटलं होतं. जीएफने सुरू होत असेल तर ३९०, जीके असेल तर ४७०. या शाखा एकेक करून बंद झाल्यात, ३०४ ला २०१७ अखेरपर्यंतच अपडेट मिळाले, ३४० ला २०१९ अखेर, ३९० ला २०२२ अखेर, ४७० ला २०२४. बंद झाली म्हणजे काय, तर त्यानंतर कर्नलमध्ये जे बदल झाले त्यांची या ड्रायव्हरला खबरच नाही आणि कंपाइल करताना तो कोसळतो.

त्यामुळे ड्रायव्हरसाठी कर्नल निवडायचा, उलट नाही. ३०४ हा एक्स सर्व्हर १.२० वर चालतच नाही, म्हणून त्याला डेबियन ९ बरं, तिथे एक्स १.१९ आणि कर्नल ४.९ आहे आणि रेपोमध्ये (डिस्ट्रोच्या पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) ३०४ चं तयार पॅकेज आहे. ३४० साठी डेबियन १० किंवा उबुंटू २०.०४, पण उबुंटूवर मूळच्या ५.४ कर्नलवरच राहा. यात एक सापळा आहे, २०.०४ च्या नंतरच्या पॉइंट रिलीजची डेस्कटॉप आयएसओ टाकली की एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल आपोआप येतो, मग लिनक्स-जेनेरिक पॅकेज टाकून, ५.४ वर बूट करून, लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२०.०४ काढून टाकावं लागतं. ३९० साठी डेबियन ११ किंवा उबुंटू २२.०४, तिथेही मूळ ५.१५ कर्नल. ४७० साठी डेबियन १२ मध्ये टेस्ला-४७० नावाचं पॅकेज आहे, नाव सर्व्हरवालं वाटलं तरी घरच्या केप्लरला तेच चालतं. आणि ३२ बिट सिस्टम असेल तर ३९० ही शेवटची शाखा, त्यापुढे ३२ बिट लिनक्ससाठी ड्रायव्हरच नाही.

आता टाकायचं कसं. डेबियनवर एनव्हिडिया-डिटेक्ट आणि उबुंटूवर उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस चालवा, ते स्वतःच सांगतात कोणतं पॅकेज. पण त्याआधी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस (तुमच्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनवून देणारं साधन) आणि चालू कर्नलचे हेडर्स टाका, म्हणजे लिनक्स-हेडर्स हायफन आणि पुढे युनेम हायफन आर ने दिलेला आकडा जसाच्या तसा. हेडर्स नसले की पॅकेज तक्रार न करता इन्स्टॉल होतं पण मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये जोडला जाणारा ड्रायव्हर, बनतच नाही, आणि रीबूटला परत काळी स्क्रीन, आणि माणूस विचार करत बसतो की इन्स्टॉल तर झालं होतं. म्हणून रीबूटच्या आधी डीकेएमएस स्टेटस बघायचं, समोर इन्स्टॉल्ड लिहिलंय का. नसेल तर व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेने जाऊन ड्रायव्हरच्या बिल्ड फोल्डरमधला मेक डॉट लॉग उघडा, आणि त्यातला पहिला एरर वाचा, शेवटचा नाही, खालचे शंभर एरर त्या पहिल्याचीच पिलावळ असते. बऱ्याचदा पहिल्या एररमध्ये कर्नलच्या एखाद्या फंक्शनचं नाव असतं जे आता बदललंय, म्हणजे तुमचा कर्नल या ड्रायव्हरसाठी जास्त नवा आहे.

मॉड्यूल बनलं पण लोड होत नाही आणि रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल असं येतंय, तर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, आडवा येतोय. मॉकयुटिल हायफन हायफन एसबी हायफन स्टेट ने खात्री करा, आणि मग एकतर मॉड्यूलला सही करा नाहीतर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. दुसरं, नूव्हो आधीच कार्डावर बसलेला असेल तर एनव्हिडियाला जागा मिळत नाही. पॅकेज बहुधा स्वतःच नूव्होला ब्लॅकलिस्ट करतं, नसेल केलं तर मॉडप्रोब डॉट डी मध्ये कोणत्याही नावाची, शेवटी डॉट कॉन्फ असलेली फाइल बनवून त्यात ब्लॅकलिस्ट नूव्हो अशी एक ओळ आणि ऑप्शन्स नूव्हो मोडसेट इक्वल टू शून्य अशी दुसरी, आणि परत अपडेट-इनिटरॅमएफएस. फेडोरावर त्याऐवजी ड्राकट हायफन हायफन फोर्स.

कंपनीच्या साइटवरची डॉट रन फाइल शक्यतो नकोच. ती पॅकेज मॅनेजरला न विचारता सिस्टमच्या लायब्ररींवर स्वतःच्या फाइल टाकते, मग मेसाचा अपडेट आला की तो त्या पुसतो, कर्नलचा अपडेट आला की मॉड्यूल जातं, आणि नंतर डिस्ट्रोचं पॅकेज टाकायला गेलात की दोघांची मारामारी. आधीच टाकून बसला असाल तर पहिल्यांदा एनव्हिडिया-अनइन्स्टॉल चालवा, मगच पॅकेजकडे या.

एकदा चाललं की कर्नल गोठवा, एपीटी-मार्क होल्ड, पुढे लिनक्स-इमेज आणि लिनक्स-हेडर्सच्या मेटा पॅकेजची नावं. मात्र गोठवलेल्या कर्नलला सुरक्षेचे अपडेटही येत नाहीत, त्यामुळे ते मशीन पिक्चर बघायला, जुने गेम खेळायला ठेवा, बँकेचे पासवर्ड त्यावर टाकू नका.

रेपोच बंद झाली असेल तर

जुनी डिस्ट्रो टाकली की एपीटी अपडेटला सगळीकडे ४०४ येतात. घाबरू नका, पॅकेजं पुसलेली नाहीत, हलवलेली आहेत. डेबियनची जुनी रिलीज आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर असतात, उबुंटूच्या मुदत संपलेल्या ओल्ड-रिलीजेस डॉट उबुंटू डॉट कॉम वर, सोर्सेस डॉट लिस्टमध्ये फक्त सर्व्हरचं नाव बदला आणि सिक्युरिटी, अपडेट्सच्या ज्या ओळी तिथे सापडत नाहीत त्यांच्या पुढे हॅश लावा. त्यावरही रिलीज फाइल एक्सपायर झाली म्हणून एपीटी अडून बसलं तर अपडेट करताना हायफन ओ ने अक्वायर कोलन कोलन चेक-व्हॅलिड-अनटिल इक्वल टू फॉल्स द्या, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, फक्त फॉल्स लहान.

इंटेल, पटकन

इंटेलला वेगळा ड्रायव्हर शोधायची गरजच नाही, कर्नलमध्ये आय९१५ आणि वर मेसा. चित्र फाटल्यासारखं दिसतंय किंवा अक्षरं गायब होतायत तर एक्सर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल हे पॅकेज काढून टाका, मग एक्स स्वतःचा मोडसेटिंग ड्रायव्हर वापरतो आणि बऱ्याच चिपवर तो जास्त शहाणा आहे. मेसा २२.० मध्ये, म्हणजे २०२२ साली, जुन्या पद्धतीचे बरेच ड्रायव्हर काढले गेले आणि अँबर नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले, ९४५ सारख्या चिपला आता मेसामधला नवा आय९१५जी सांभाळतो आणि त्याच्या पुढच्या काही पिढ्यांना क्रोकस. अपडेटनंतर अचानक एलएलव्हीएमपाइप दिसायला लागलं तर हे लक्षात ठेवा, विशेषतः रेडिऑन ७००० ते ९२०० च्या आसपासची फार जुनी एटीआय कार्डं असतील तर, त्यांचे आर१०० आणि आर२०० हे ड्रायव्हरही त्याच झटक्यात गेले.

नेटबुकमधलं जीएमए ५०० असेल तर मात्र वेळ घालवू नका. त्यातला ग्राफिक्सचा भाग इंटेलचा नाहीच, पॉवरव्हीआरचा आहे, कर्नलमधला जीएमए५०० ड्रायव्हर नीट रिझोल्युशन देतो पण थ्रीडी नाही म्हणजे नाही.

रिझोल्युशन चुकीचं येतंय

ड्रायव्हर बरोबर आहे, रेंडररमध्ये कार्डाचं नाव आहे, तरी १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही. म्हणजे मॉनिटर स्वतःची माहिती सांगत नाहीये, जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन तुटलेली असते किंवा मध्ये स्विच लावलेला असतो. आधी केबल बदला. नाहीतर सीव्हीटी ला रुंदी आणि उंची द्या, ते मोडलाइन बनवून देतं, मग एक्सरँडर च्या न्यूमोड आणि अ‍ॅडमोड ने ती जोडा, आणि जमलं की ईटीसी, एक्स११, एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये छोटी फाइल करून कायम करा. पूर्ण एक्सऑर्ग डॉट कॉन्फ लिहीत बसू नका, एक्स आता बहुतेक सगळं आपण होऊन ओळखतो आणि कुठून तरी कॉपी केलेली दीडशे ओळींची फाइल नवीन घोळ करते.

उलटा प्रकार: सिस्टम जुनी, कार्ड नवं

इथे लोक फक्त कर्नल वर नेतात आणि अडकतात. नव्या कार्डाला कर्नल, फर्मवेअर आणि मेसा तिन्ही नवं लागतं. आरएक्स ५७०० चा सपोर्ट कर्नल ५.३ मध्ये आला, उबुंटू १८.०४ च्या मूळ ४.१५ ला ते कार्ड ओळखूच येणार नाही, आणि नुसता ५.३ टाकला तर फर्मवेअरशिवाय काळी स्क्रीन आणि जुन्या मेसावर एलएलव्हीएमपाइप. उबुंटूचा एचडब्ल्यूई स्टॅक किंवा डेबियनचे बॅकपोर्ट्स यासाठीच असतात, पण कार्ड त्याहूनही नवं असेल तर सरळ डिस्ट्रो अपग्रेड करा, तुकडे जोडत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

सगळं चालतंय तरी व्हिडिओ अडखळतो

याला ड्रायव्हरचा दोष देऊ नका. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये पाठवतं, आणि जुन्या कार्डात ते उलगडणारं हार्डवेअरच नाही, त्यांना फार तर एच.२६४ येतं. ब्राउझरमध्ये एच.२६४ च मागवणारं एक्स्टेन्शन टाका आणि ७२० च्या वर जाऊ नका, किंवा व्हिडिओ उतरवून एमपीव्ही मध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू करून बघा. एनव्हिडियाच्या कंपनी ड्रायव्हरवर त्यासाठी व्हीडीपीएयू असतं आणि व्हीडीपीएयूइन्फो चालवलं की कार्ड काय काय उलगडू शकतं ती यादीच मिळते.

डेस्कटॉप हलका ठेवा, एक्सएफसीई, मेट किंवा एलएक्सक्यूटी, आणि एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटिंग (विंडोंच्या सावल्या, पारदर्शकता वगैरे) बंद करून फरक पडतो का बघा. ३०४ किंवा ३४० वर वेलँड (एक्सची जागा घेणारी नवी पद्धत) विसरा, लॉगिनच्या वेळी एक्सऑर्गचं सेशन निवडा, आणि जीडीएम, म्हणजे लॉगिन स्क्रीन, ऐकत नसेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये वेलँडएनेबल (डब्ल्यू आणि मधला ई कॅपिटल) ची ओळ असते तिच्या पुढचा हॅश काढून ती फॉल्स करा.